जेवताना गाणी लागली की मुलंही ऐकतात

संपादक महोदय,

रविवारच्या पुरवणीत जुनी सिनेगीतं आता फक्त म्हाताऱ्या माणसांपुरती उरली अशा अर्थाचा लेख आला होता, तो मला अजिबात पटला नाही म्हणून लिहितोय. आमच्या घरात तीन पिढ्या आहेत आणि रात्री जेवताना स्पीकरवर गाणी लागतातच, ही सवय आप्पांची, त्यांची विविध भारतीची. माझी आठवीतली मुलगी सुधीर फडक्यांची चाल पहिल्या दोन ओळीत ओळखते, तिला कुणी बसवून शिकवलं नाही, भाकरी मोडता मोडता आप्पा सांगत असतात की बाबूजींचा, म्हणजे फडक्यांचा, जन्म आपल्या कोल्हापुरातला, १९१९ चा, आणि गीतकार जगदीश खेबुडकर मास्तर होते, इथंच राहायचे. प्रभात फिल्म कंपनीने १९३२ मध्ये पहिला मराठी बोलपट ‘अयोध्येचा राजा’ काढला तोसुद्धा याच गावात, संगीत गोविंदराव टेंबेंचं, हेही तिला असंच कळलं.

मुलांना जुनं आवडत नाही हे खरं नाही हो, त्यांच्या कानावरच पडत नाही, कारण घरात प्रत्येकाच्या कानात वेगळा इअरफोन. लेखकाने मुलांना दोष दिला, घराबद्दल एक ओळ नाही, याचं वाईट वाटलं.

आणि हे एकतर्फी पण नाही. परवा मुलीने तिच्या आवडीचं नवीन गाणं लावलं, तर आप्पांनी ते परत लावायला सांगितलं.

– एक वाचक, मंगळवार पेठ, कोल्हापूर