चिन्मयच्या व्हिसाबद्दल, आई-बाबांना

ती. आई-बाबांस,
साष्टांग नमस्कार.

चिन्मयला परदेशी शिकायला किंवा इंटर्नशिपला जायचंय, पण फोनवर त्याच्या व्हिसाचा विषय निघाला की आपण तिघंही एकदम बोलायला लागतो आणि कुणाचंच कुणाला कळत नाही. म्हणून लिहूनच कळवते. त्यालाही वाचायला द्या, पण आधी तुम्ही वाचा, कारण निम्मं काम तुमच्या दोघांच्या कागदांचं आहे.

आधी त्या एजंटबद्दल. 'खात्यात रक्कम कमी दिसत असेल तर थोडे दिवस आम्ही भरतो, व्हिसा झाला की काढून घेतो,' असं तो म्हणतो, आणि बाबा, तुम्हाला ते पटू लागलंय असं आई म्हणाली. हे करायचं नाही. एक तर त्याचा उपयोग नाही. ब्रिटनला ठरलेली रक्कम सलग 28 दिवस खात्यात असावी लागते, मधे एक दिवस जरी खाली गेली तरी अर्ज अडतो. जर्मनीला ब्लॉक्ड अकाउंट काढावं लागतं, म्हणजे पैसे आधी भरायचे पण एकदम काढता येत नाहीत असं खातं. 2024 च्या सप्टेंबरपासून त्यात वर्षाचे 11,904 युरो भरावे लागतात आणि तिथे पोचल्यावर महिन्याला 992 च सुटतात. म्हणजे एजंटचे पैसे त्यात एकदा गेले की तो मागणार कुणाकडे? आपल्याकडेच, व्याजासकट.

आणि पकडलं गेलं तर भोगायचं चिन्मयला. खोटी माहिती दिल्याचं सिद्ध झालं तर कॅनडा 5 वर्षं दार बंद करतं, ब्रिटन 10, आणि अमेरिकेत तर बंदी कायमची ठरू शकते. पुढे दुसऱ्या बऱ्याच देशांच्या फॉर्मवर 'पूर्वी व्हिसा नाकारला होता का' हा रकाना असतो. एजंट तेव्हा फोन उचलणार नाही. पैसे खरंच कमी पडत असतील तर कर्जाचं मंजुरीपत्र किंवा शिष्यवृत्तीचं पत्र जोडू. त्यात कमीपणा कसला? आईवडिलांचं खातं दाखवायलाही हरकत नाही. ब्रिटनला त्यासाठी मुलाचा जन्मदाखला आणि तुमचं संमतीपत्र लागतं. आई, जन्मदाखल्यावर तुझं नाव जसं आहे तसंच बँकेच्या खात्यावर आहे का, ते आजच बघून ठेव.

नावावरून आठवलं. चिन्मयचा पासपोर्ट उघडून फोटोच्या पानाच्या तळाशी बघा. तिथे मोठ्या अक्षरांच्या दोन ओळी आहेत, प्रत्येकीत 44 जागा, रिकाम्या राहिल्या तिथे कोनासारख्या खुणा. पहिल्या ओळीत देशाच्या खुणेनंतर आडनाव, मग दोन कोन, मग त्याचं नाव. विमानतळावरचं मशीन हेच वाचतं. विद्यापीठाच्या पत्रावर, तिकिटावर, इन्शुरन्सवर स्पेलिंग तिथल्यासारखंच हवं. एक 'ए' जास्त पडला असेल तर आत्ताच दुरुस्त करून घेता येईल, व्हिसाच्या मुलाखतीच्या आदल्या दिवशी नाही.

पासपोर्टची मुदत बघताना कोर्स संपायच्या तारखेवर थांबू नका, त्यापुढचे सहा महिने धरा. शेंगेन देशांच्या (युरोपातले, एकाच व्हिसावर फिरता येतं ते) छोट्या मुक्कामाच्या व्हिसाला परतीनंतर तीन महिने पुरतात, पण पासपोर्ट गेल्या दहा वर्षांत काढलेला असावा लागतो आणि दोन पानं कोरी हवीत. नवा काढायचाच असेल तर व्हिसाचा अर्ज भरण्याआधी काढा, कारण नव्या पासपोर्टचा नंबरही नवा असतो आणि मग सगळे फॉर्म पुन्हा.

विद्यापीठाकडून प्रवेश पक्का झाल्याचा ठरलेला कागद आल्याशिवाय पुढचं काहीच हलत नाही: अमेरिकेसाठी आय-20, ब्रिटनसाठी कॅस, म्हणजे प्रवेशनिश्चितीचा क्रमांक. अमेरिकेला त्याशिवाय मुलाखतीआधी 350 डॉलरची सेव्हिस फी (परदेशी विद्यार्थ्यांच्या सरकारी नोंदणीची) भरावी लागते, आणि कोर्स सुरू व्हायच्या 30 दिवसांहून आधी आत सोडत नाहीत. तेव्हा स्वस्त मिळतंय म्हणून तिकीट काढून ठेवू नका.

आता इंटर्नशिप. 'पगार नाही ना, मग टुरिस्ट व्हिसावर जाऊन येऊ दे' हा मावशीचा सल्ला. मावशीवर माझा जीव आहे, पण हा सल्ला नको. पगार नसला तरी ते कामच धरलं जाऊ शकतं. अमेरिकेत अशा इंटर्नशिपसाठी जे-1 व्हिसा असतो. त्याचा डीएस-2019 हा कागद एरवी कंपनी देत नाही, सरकारमान्य स्पॉन्सर संस्था देते, आणि चिन्मय तिथे काय शिकणार याचा आराखडा सह्यांनिशी जोडावा लागतो. शिकत असलेल्यालाच किंवा पदवी मिळून वर्ष न झालेल्यालाच तो मिळतो, तोही जास्तीत जास्त 12 महिन्यांसाठी. शिवाय काही जणांना नंतर दोन वर्षं मायदेशी राहण्याची अट लागते. ती लागू आहे का, ते सही करण्याआधी विचारायचं. कंपनीचं ईमेल म्हणजे परवानगी नव्हे, एवढं त्याच्या डोक्यात पक्कं बसवा.

बाबा, 'तिथे काम करून खर्च भागवेल' हा तुमचा हिशेबही जरा आवरता घ्या. सत्र चालू असताना कॅनडात कॅम्पसबाहेर आठवड्याला 24 तासच काम करता येतं, ब्रिटनमध्ये पदवीच्या विद्यार्थ्याला 20, ऑस्ट्रेलियात पंधरवड्याला 48. हातखर्च निघेल, फी नाही.

व्हिसा आला की त्यावरची तारीख बघून आई घाबरणार, हे मी आत्ताच सांगते. जर्मनीचा व्हिसा सुरुवातीला काही महिन्यांचाच असतो. तिथे पोचल्यावर दोन आठवड्यांत पत्ता नोंदवायचा आणि मग राहण्याचा परवाना काढायचा. अमेरिकेत उलट: व्हिसाची तारीख प्रवेशापुरती, मुक्काम कागदपत्रांवर ठरतो.

मुलाखतीला बहुतेक ठिकाणी तुम्हाला आत सोडणार नाहीत. त्याला उत्तरं पाठ करायला लावू नका. हा कोर्स का, खर्च कोण करणार, नंतर काय, एवढं त्याला स्वतःच्या शब्दांत सांगता आलं म्हणजे झालं. तो तुमच्यासमोर अडखळतो, बाहेर नीट बोलतो.

रविवारी सकाळी व्हिडिओ कॉल करते. पासपोर्ट, जन्मदाखला आणि बँकेचं स्टेटमेंट समोर घेऊन बसा, एकेक अक्षर मिळवून बघू. तोवर एजंटला एक पैसाही देऊ नका, आणि मूळ कागद तर अजिबातच नाही.

तुमची,
मनू