सूचना : पीएफएसओ कोर्स आणि ड्रिलची नोंदवही

मंडळी, नमस्कार. न्हावा-शेवा परिसरात कामाला असलेल्या आपल्या सर्व सभासदांसाठी.

पीएफएसओच्या, म्हणजे बंदरावरच्या सुरक्षा अधिकाऱ्याच्या, कोर्सची फी भरण्याआधी संस्थेला नौवहन महासंचालनालयाची मान्यता आहे ना, हे स्वतः तपासा. नुसत्या जाहिरातीवर जाऊ नका. जहाजावरून उतरलेल्यांनी ध्यानात घ्या, एसएसओचं, म्हणजे जहाजावरच्या सुरक्षा अधिकाऱ्याचं, प्रमाणपत्र वेगळं. ते बंदरावरच्या पदाला चालत नाही.

प्रमाणपत्र हातात आलं म्हणजे काम संपलं असं नाही. आयएसपीएस संहिता, म्हणजे जहाजं आणि बंदरांच्या सुरक्षेची आंतरराष्ट्रीय नियमावली, १ जुलै २००४ पासून लागू आहे. तिच्यानुसार निदान दर तीन महिन्यांनी ड्रिल (छोटी सुरक्षा कवायत) आणि दरवर्षी एक मोठा सराव हवा. दोन सरावांत १८ महिन्यांहून जास्त अंतर नको. नोंद त्याच दिवशी करा. मागे माझ्याच वहीत एका ड्रिलपुढे पेन्सिलीने तारीख होती, सही नव्हती. तपासणीत ती ड्रिल धरलीच नाही. उन्हात तासभर गेट बंद ठेवून पोरांनी केलेली मेहनत वाया गेली, ते अजून मनाला लागतं.

रविवारी सकाळी १० वाजता नेरूळला नेहमीच्या ठिकाणी भेटू. मूळ प्रमाणपत्र आणि आधार दोन्ही आणा, नावाचं स्पेलिंग जुळवून पाहू. नव्या मुलांना सुरक्षा पातळी १, २, ३ मधला फरकही तिथेच समजावून देईन.