काकूंच्या किडनीसाठी: मेथी, कारलं आणि पोटॅशियमचा आकडा

प्रिय संजय,
सप्रेम नमस्कार.

काकूंना मधुमेह आहे, किडनी मंदावली आहे, म्हणून कुठल्या वनस्पती चालतील असं तू विचारलंस. त्यांचे रिपोर्ट नीट पाहिले. ईजीएफआर, म्हणजे किडनी रक्त किती गाळते त्याचा अंदाज, ४२; लघवीतलं अल्ब्युमिन-क्रिएटिनिन गुणोत्तर, म्हणजे किडनीतून किती प्रथिन गळतं त्याचं माप, १८०; रक्तातलं पोटॅशियम ५.२, म्हणजे जरा जास्तच. गुणोत्तर ३० च्या आत हवं, हे तुला डॉक्टरांनी सांगितलंच असेल. पण पोटॅशियमकडे तुझं लक्ष गेलेलं दिसत नाही, आणि तू पाठवलेल्या वनस्पतींच्या यादीतली निम्मी नावं तिथेच अडतात.

गेलेली किडनी परत आणणारा पाला कुठलाच नाही. स्वयंपाकातल्या वनस्पती साखर थोडी आटोक्यात ठेवतात, त्यातून किडनीचा भार हलका होतो, बस. ताटात भाजी म्हणून येतात तोवर त्यांची फारशी भीती नाही. रस, पावडर किंवा कॅप्सूल झाली की हिशेब बदलतो.

मेथीपासून सुरू करा, कारण तिचं काम कसं चालतं ते स्पष्ट आहे. एक लहान चमचा दाणे रात्री अर्धी वाटी पाण्यात भिजत घालायचे. सकाळी पाणी बुळबुळीत होतं; तो बुळबुळीतपणा म्हणजेच विरघळणारा तंतू, जेवणातली साखर रक्तात हळू उतरवणारा. म्हणून दाणे फेकून नुसतं पाणी पिण्यात अर्थ नाही, दाणे चावून खायचे. दुसरी चूक वेळेची: सहाला मेथी आणि नवाला पोहे, असं केलं तर उपयोग निम्मा. नाश्त्याच्या लगेच आधी घ्यावी. पहिला आठवडा अर्धाच चमचा, नाहीतर पोट फुगतं. गोळ्या आणि मेथी यांत तासाभराचं अंतर ठेवा. रक्त पातळ करणारी वॉरफेरिन चालू असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय नकोच.

कारल्याची भाजी खुशाल करा, पण मीठ चोळून पिळल्यावर दोनदा धुवा. नाहीतर मीठ भाजीतच राहतं, आणि काकूंना दिवसाला सगळं मिळून एक सपाट चमचा, म्हणजे ५ ग्रॅम, त्याहून जास्त नको. कारल्याचा रस मात्र बंद. किडनी मंदावली की इन्सुलिन आणि ग्लिमेपिराइडसारख्या साखर उतरवणाऱ्या गोळ्या अंगात जास्त वेळ रेंगाळतात. वर रस पडला तर साखर पहाटे झपकन उतरू शकते.

शेवग्याचा पाला आणि घेटुळी, म्हणजे तीच ती पुनर्नवा, यांत पोटॅशियम भरपूर. ५.२ असताना त्यांची पावडर अजिबात नको. अधूनमधून भाजी करायची असेल तर बारीक चिरून पाचपट पाण्यात आठ-दहा मिनिटं उकळा आणि पाणी ओतून द्या. आपल्याकडे ‘वाया कशाला घालवायचं’ म्हणून ते पाणी आमटीत जातं, आणि पोटॅशियम मागच्या दाराने परत येतं! रोजच्यासाठी दुधी बरा, फक्त चाखून बघा, कडू लागला तर फेका. ते ‘लो सोडियम’ मीठही काढून टाका. त्यात पोटॅशियम क्लोराइड असतं आणि काकूंची बीपीची गोळी, टेल्मिसार्टन, आधीच पोटॅशियम वाढवते.

हळद फोडणीत पाव चमचा ठीक. कॅप्सूल नको: हळदीत ऑक्झलेट नावाचं क्षारासारखं द्रव्य बरंच असतं आणि त्याचे स्फटिक किडनीच्या बारीक नळ्यांत अडकतात. बिलिंबी या आंबट फळाचंही तेच. केरळमध्ये बिलिंबीचा रस पिऊन किडनी अचानक बंद पडलेल्या १० रुग्णांची नोंद २०१३ साली प्रसिद्ध झाली आहे. माशाच्या कालवणात दोन फोडी आणि पेलाभर रस, यांतलं अंतर एवढं मोठं आहे. कमरख, म्हणजे स्टारफ्रूट, मात्र फोडभरही नको. त्यातलं विष निरोगी किडनी बाहेर टाकते, कमजोर किडनी टाकू शकत नाही. आधी न थांबणारी उचकी, मग भ्रम, झटके.

आणि झाडातून किडनीचं औषध निघतच नाही असंही नाही बरं का. १८३५ मध्ये सफरचंदाच्या झाडाच्या सालीतून फ्लोरिझिन नावाचं द्रव्य वेगळं केलं गेलं. त्याच साच्यावर पुढे डापाग्लिफ्लोझिन ही मधुमेहाची आणि किडनी जपणारी गोळी घडली. सफरचंद खाऊन मात्र ते मिळत नाही, फ्लोरिझिन आतड्यातच तुटतं. काकूंच्या चिठ्ठीत ही गोळी नाही, पुढच्या भेटीत तिचं विचारून घे.

आहारात कुठलाही बदल केलात की दोन आठवड्यांनी पोटॅशियम आणि क्रिएटिनिन पुन्हा तपासा. लघवीची तपासणी सकाळच्या पहिल्या लघवीची, ताप किंवा जंतुसंसर्ग नसताना, नाहीतर आकडा उगाच फुगतो.

काकू घेतात तो बाटलीतला काढा तोवर थांबव आणि लेबलचा फोटो पाठव. त्यात ज्येष्ठमध आहे का बघायचंय. त्याने अंगात मीठ-पाणी साठतं आणि बीपी चढतं. काकूंना नमस्कार.

तुझा,
अनिल