ग्रंथपाल मॅडम, तुमचे मनापासून आभार

आदरणीय मॅडम,
सप्रेम नमस्कार.

पदविकेच्या शेवटच्या वर्षाचा प्रकल्प म्हणून आम्ही आपल्या वाचनालयाचं संकेतस्थळ केलं. कॉलेजात कौतुक आमचं झालं. त्यातला मोठा वाटा तुमचा आहे आणि तो चारचौघांत सांगितला पाहिजे, म्हणून हे पत्र सगळ्यांसाठी लिहीत आहोत.

एकच पान मोबाइलवर आणि संगणकावर त्या त्या पडद्याप्रमाणे नीट बसवायचं, ही रिस्पॉन्सिव्ह पद्धत वेब डिझायनर ईथन मार्कॉट यांनी २०१० साली मांडली. टक्क्यांत मोजलेले रकाने, जागेप्रमाणे लहान होणारी चित्रं, पडद्याची रुंदी पाहून नियम बदलणाऱ्या मीडिया क्वेरी. हे सगळं आम्हाला येत होतं. गाडी अडली ती दुसरीकडेच. रुंद पडद्यावर चार गोष्टी शेजारी शेजारी मांडता येतात. मोबाइलवर एकच रकाना उरतो, मग आधी काय आणि नंतर काय हे ठरवल्याशिवाय सुटका नसते. त्यावरून आमच्या गटात रोज वाद. एकाला इमारतीचा फोटो सगळ्यात वर हवा होता, दुसरीला संस्थेचा इतिहास, तिसऱ्याला नव्या पुस्तकांची मुखपृष्ठं.

तुम्ही कुणाचीच बाजू घेतली नाहीत. टेलिफोनजवळची वही आणून आमच्यासमोर ठेवलीत. सभासद फोन करून काय विचारतात, ते तुम्ही त्यात टिपून ठेवत होता. आज वाचनालय उघडं आहे का? अमुक पुस्तक परत आलं का? माझी वर्गणी किती राहिली? दिवाळी अंक कधीपासून मिळणार? इतिहास कुणीच विचारला नव्हता. त्या वहीतून आमच्या मोबाइलच्या पानाचा क्रम ठरला. वर वेळ, लगेच खाली पुस्तकाचा शोध, मग वर्गणी. वाद तिथेच मिटला, कारण ठरवणारे आम्ही राहिलोच नव्हतो.

पुस्तकांच्या यादीचंही तसंच. दाखल क्रमांक, लेखक, प्रकाशक, विषय, किंमत, कपाट असा लांबलचक तक्ता मोबाइलवर मावणं शक्य नव्हतं. तुम्ही म्हणालात, सभासदाला पुस्तकाचं नाव, लेखक आणि पुस्तक आत आहे की बाहेर, एवढंच पाहिजे. आता अरुंद पडद्यावर तक्त्याची प्रत्येक ओळ एक छोटं कार्ड होते, त्यात ह्याच तीन गोष्टी दिसतात आणि बाकीचं दाबल्यावर उघडतं. लोक ऱ्हस्व-दीर्घ पाहून टाइप करत नाहीत, हेही तुम्हीच सांगितलंत. म्हणून शोधताना इ आणि ई, उ आणि ऊ एकच धरले जातात.

आणि ती दुपार! वाचनकक्षात वर्तमानपत्र वाचत बसलेल्या आजोबांना तुम्ही आमच्याजवळ आणून बसवलंत. त्यांच्या फोनवर अक्षरं भरपूर मोठी करून ठेवलेली. ठरावीक उंचीच्या बटणात वरच्या वेलांट्या आणि खालचे उकार कापले जाताना दिसले. मग बटणांची उंची अक्षरांबरोबर वाढेल अशी केली, ओळींमधलं अंतरही वाढवलं. इंग्रजी मजकुराला पुरणारं अंतर देवनागरीला पुरत नाही, हे कॉलेजच्या लॅबमध्ये आमच्या लक्षात आलं नसतं. देवघेवीच्या ऐन गर्दीत तुम्ही ह्यासाठी वेळ काढलात.

निकालानंतर आम्ही वेगवेगळ्या गावी जाऊ. नवीन पुस्तकं कशी चढवायची, वेळ कशी बदलायची हे मराठीत लिहून त्याची छापील प्रत तुमच्या टेबलाच्या खणात ठेवली आहे. दिवाळी अंक योजनेचं पान तयार आहे, यंदाच्या अंकांची यादी आणि वर्गणीची रक्कम तेवढी भरायची बाकी आहे. यादी आली की कळवा, आमच्यापैकी जो गावात असेल तो येऊन भरून देईल.

आपले नम्र,
प्रकल्पगटातील विद्यार्थी