‘या मॅडम, बसा’ म्हणणाऱ्या काकांना

ती. स्व. काका,
सा. न.

समोर उभं राहून हे बोलता येणार नाही, घसा दाटून येतो. त्या दिवशी नोकरी लागल्याचे पेढे घेऊन आले तेव्हाही नुसता वाकून नमस्कार केला आणि परतले. म्हणून लिहिते आहे. उघड लिहिते, कारण तुम्ही जे केलंत ते चार लोकांना कळायला हवं. नाव लिहीत नाही, तुम्हाला ते रुचणार नाही. आपल्या पाचपाखाडीच्या बिल्डिंगमध्ये ज्यांना कळायचं त्यांना कळेलच.

2016 च्या मे महिन्यात मी नोकरी सोडली. सासूबाईंना अर्धांगवायूचा झटका आला होता आणि लेक दोन वर्षांची होती. तेव्हा मी व्हॅटची रिटर्न्स भरायचे, सर्व्हिस टॅक्सची चलनं काढायचे. पुढच्या वर्षी 1 जुलैला जीएसटी आला आणि मला येत होतं त्यातलं कितीतरी एका रात्रीत जुनं झालं. सासूबाई गेल्या, लेक मोठी झाली, आणि परत काम करायचं ठरवलं तेव्हा नऊ वर्षं उलटून गेली होती.

तुमच्याकडे शिकण्याआधी मी कुठे कुठे गेले ते तुम्हाला ठाऊक आहे. एका क्लासने सहा हजार घेतले आणि छापील उत्तरांचा गठ्ठा हातात दिला. नऊ वर्षांचं काय सांगू विचारलं, तर म्हणे, फ्रीलान्सिंग करत होते असं ठोकून द्या. ज्या वर्षांत मी एका माणसाला रोज कुशीवर वळवलं, भरवलं, पुसलं, ती वर्षं लपवायची आणि वर खोटं बोलायचं! त्याचा मला आजही राग येतो. मग एका कंपनीत मुलाखतीला गेले. साहेबांनी बायोडेटा उलटा ठेवला आणि विचारलं, “इतकी वर्षं घरीच? मग आता काय आठवणार?” पाच मिनिटांत बाहेर. त्या संध्याकाळी मी तलावपाळीला बसून राहिले, घरी जायला पाय निघेना.

दुसऱ्या दिवशी मेंटेनन्सचा चेक द्यायला सोसायटीच्या ऑफिसात आले. तुम्ही माझ्या चेहऱ्याकडे पाहिलंत आणि काही न विचारता बँकेचं पासबुक आणि सोसायटीचं बँकबुक पुढे सरकवलंत. दोन्हींच्या नोंदी ताडून बघायच्या, म्हणजे रिको करायची. “पोरी, ही रिको जुळत नाहीये. 236 रुपयांचा फरक आहे. बघ जरा.” मी अर्धा तास घेतला. बँकेने 200 रुपये चार्ज लावला होता, त्यावर 18 टक्के जीएसटी 36 रुपये, आणि आपल्याकडे त्याची नोंदच नव्हती. सापडलं तेव्हा मला नऊ वर्षांनी पहिल्यांदा वाटलं, अरे, हे हात विसरलेले नाहीत. आयुष्यभर हिशेब तपासलेल्या माणसाला तो फरक दिसला नसेल हे शक्यच नाही, हे माझ्या फार उशिरा लक्षात आलं.

पुढचे तीन आठवडे तुम्ही काय काय शिकवलंत ते सगळं इथे सांगत बसत नाही. दर महिन्याच्या 7 ला टीडीएस, 11 ला आर-वन म्हणजे विक्रीचं जीएसटी रिटर्न, 14 ला टू-बी म्हणजे सप्लायरांनी दाखवलेल्या बिलांची यादी, 20 ला थ्री-बी म्हणजे कर भरायचं रिटर्न, हे तर मी आता स्वयंपाक करतानाही पुटपुटते. घरी राहिल्याबद्दल विचारलं तर दोन वाक्यांत सांगायचं आणि थांबायचं, हेही तुमचंच. “तिसरं वाक्य निघालं की ते माफीचं असतं,” असं तुम्ही म्हणालात.

पण काका, माझ्या मनात घर करून बसलंय ते वेगळंच. लग्न होऊन या बिल्डिंगमध्ये आले तेव्हापासून तुम्ही मला ‘तू’ आणि ‘पोरी’ म्हणता. मुलाखतीच्या सरावाला बसायच्या आधी मात्र तुम्ही मला दाराबाहेर उभं करायचात. आत शर्टाचं वरचं बटण लावायचात, मी दार वाजवलं की गुडघे दुखत असूनही खुर्चीतून उठायचात आणि म्हणायचात, “या मॅडम, बसा.” रोज. एकदाही विसरला नाहीत. पहिल्या दिवशी मला रडू आलं, ते तुम्ही पाहिलं न पाहिल्यासारखं केलंत.

मुलाखतीच्या दिवशी ठाण्याहून वाशीची गाडी धरली आणि रबाळ्याला उतरले. आत गेले तर कुणी उठलं नाही. समोरच्या बाई मोबाईलमध्ये बघत “हं, बोला” एवढंच म्हणाल्या. पण माझ्या कानात तुमचं ‘या मॅडम, बसा’ होतं. मी नीट टेकून बसले. नऊ वर्षांचं विचारलं, दोन वाक्यांत सांगितलं, थांबले. त्यांनी मोबाईल बाजूला ठेवला.

मग विचारलं, बिल आपल्या पुस्तकात आहे पण टू-बीमध्ये दिसत नाही, त्यावरच्या जीएसटीचं क्रेडिट, म्हणजे वजावट, घेणार का? नाही म्हटलं. सप्लायरच्या मागे लागेन, त्याने आर-वन भरून ते टू-बीत दिसेपर्यंत रक्कम वेगळी दाखवून ठेवेन. सॅप या सॉफ्टवेअरवर काम केलंय का? नाही, हिशेबाच्या टॅलीवर केलंय, सॅप शिकावं लागेल. तुम्ही शोधलेली एखादी चूक सांगा म्हणाल्या, तेव्हा मी आपल्या सोसायटीचे 236 रुपये सांगितले. त्या हसल्या आणि शेजारच्यांना म्हणाल्या, “हे आपल्याकडेही होतं.”

तुमच्यासारखी माणसं आहेत म्हणून कितीतरी घरांतून कोणीतरी पुन्हा उठून उभं राहतं. मोठी ओळख लागत नाही की वशिला लागत नाही. समोरच्याला किंमत आहे असं धरून त्याच्याशी वागणं, इतकंच. आणि ते किती थोड्या लोकांना जमतं हे मी गेल्या वर्षभरात दारोदार फिरून पाहिलंय.

1 तारखेपासून कामावर जातेय. रबाळ्याच्या ऑफिसात सगळे मला मॅडम म्हणतात आणि मला त्याचं दडपण येत नाही. परवा जिन्यात भेटलात आणि तुम्हीही चुकून “काय मॅडम” म्हणालात. काका, तुम्ही मात्र आता मला पुन्हा पोरीच म्हणा. रविवारी सकाळी खाली येते, मागच्या महिन्याची रिको करून देते.

तुमची,
दुसऱ्या मजल्यावरची पोर