वहीच्या समासातल्या एका शब्दाबद्दल आभार

आदरणीय ताई,
प्रभूमध्ये सलाम.

रोजच्या मननाची शिस्त तुम्ही आमच्या गटाला लावलीत. त्यातल्या एकाच गोष्टीबद्दल आज मनापासून आभार मानायचे आहेत. ‘मी फार पापी आहे, प्रभू क्षमा कर’ अशी ओळ कुणाच्याही वहीत दिसली, की तुम्ही ती न खोडता समासात पेन्सिलीने बारीक अक्षरात लिहायचात : ‘कोणाला?’ दुखावलं कोणाला, फसवलं कोणाला. ‘मी पापी आहे’ या वाक्यात लपायला भरपूर जागा असते. तुमच्या त्या प्रश्नाने ती उरली नाही.

पश्चात्ताप शिकवणारे याआधी कमी भेटले नाहीत. कुणी आवाज चढवून लोकांना रडवलं आणि डोळे पुसले की काम झालं असं मानलं. कुणी दोन मिनिटांत ‘देवाने क्षमा केली, आता विसरा’ म्हणून मोकळे झाले. ज्याचं नुकसान झालं होतं तो मागच्या बाकावरच बसलेला असे. त्याला कुणी काही विचारलं नाही. हा सल अजून गेलेला नाही.

बायबलमधलं स्तोत्र 51, दावीद राजाची पापकबुली, तेसुद्धा असंच वापरलं जातं. ‘तुझ्याविरुद्ध, केवळ तुझ्याविरुद्ध मी पाप केलं’ ही ओळ घट्ट धरली, की माणसाला तोंड द्यायची गरजच उरत नाही. म्हणून तुम्ही त्याच्या आधी 2 शमुवेल 12 वाचायला लावलंत. तिथे संदेष्टा नाथान दावीदाला, त्याने ज्याची बायको घेतली आणि ज्याला मारवलं त्या उरीयाचं नाव घेऊन सुनावतो.

पापकबुली तीन ओळींपुढे न्यायची नाही, हा तुमचा नियमही तसाच मोलाचा. काय केलं, कोणाला, काय परत करायचं. यादी लांबली की ती स्वतःबद्दलचीच होते आणि करण्यासारखं एकही काम हाती लागत नाही. पैशाचा मामला असेल तर रक्कम लिहायची : बायबलच्या गणना 5:7 मध्ये पूर्ण भरपाई आणि वर पाचवा हिस्सा सांगितला आहे, येशूला भेटलेला जकातदार जक्कय तर चौपट द्यायला तयार झाला. खोटं बोललो असू, तर ज्यांच्यासमोर बोललो त्यांच्यासमोरच ते दुरुस्त करायचं. आपल्या जाण्याने समोरच्याची जखम पुन्हा उघडणार असेल तर मात्र दारात जायचं नाही. आधी जाणत्या माणसाचा सल्ला घ्यायचा. ही सावधगिरी फार कमी जण शिकवतात.

पण सगळ्यांत जास्त घोळ होतो तो यानंतर. कबुली दिली, मन हलकं झालं नाही, की माणूस दुसऱ्या सकाळी तेच पाप पुन्हा कबूल करतो, तिसऱ्या सकाळी पुन्हा. त्यावर तुम्ही स्तोत्र 130 हळू, मोठ्याने, दोनदा वाचायला दिलंत आणि त्यातला क्रम दाखवलात. आठच ओव्या. पहिल्या दोनांत धावा, तिसरीत अधर्माचा हिशेब ठेवला तर कोण टिकेल हा प्रश्न, चौथीत क्षमा. वाट पाहणं येतं ते पाचवीत, क्षमेनंतर! म्हणजे तिथे थांबलेला माणूस निकालाची वाट पाहत नाही, स्वतः देवाची वाट पाहतो. त्या स्तोत्रातल्या पहाटेची वाट पाहणाऱ्या पहारेकऱ्याला पहाट लवकर आणता येत नाही, तरी त्याने जागं राहायचं असतं. सहाव्या ओवीत हे दोनदा येतं, आणि दुसऱ्यांदा वाचताना तुम्ही कधी घाई केली नाहीत. वाचून झाल्यावर पाच मिनिटं काहीही न मागता बसायचं. मन भरकटलं तर फक्त पाचवी ओवी पुन्हा म्हणायची, नवी कबुली सुरू करायची नाही.

इतक्या सभ्यपणे, कुणालाही चारचौघांत उघडं न पाडता एवढं कठीण काम करून घेणारी माणसं ख्रिस्ती मंडळीत असतात, म्हणून लोक मंडळीत टिकतात. गटात नवीन येणाऱ्याला आम्ही आता 51 च्या आधी 130 देतो, आणि त्याच्या वहीचा समास तुमच्यासारखाच रुंद आखून ठेवतो.

प्रभूमध्ये आपले,
मननगटातील सर्वजण