चिखलात टँक वळत नाही, बाळा

चि. छकुलीस,
अनेक आशीर्वाद.

गणपतीत तू लॅपटॉपवर दाखवलेला तुझा खेळ अजून डोक्यातून गेलेला नाही. पाकिस्तानबरोबरची खेमकरणची लढाई, सप्टेंबर 1965, आणि ती माझ्या लेकीने करायला घेतली. त्या दिवशी मला किती बरं वाटलं ते तोंडाने सांगता आलं नाही. एका गोष्टीबद्दल बोलायचंही होतं, पण घरात पाहुणे होते. म्हणून लिहितो.

पाणी भरलेल्या शेतात तू एका पॅटनवर, म्हणजे पाकिस्तानच्या टँकवर, क्लिक केलंस, मग मागे कुठेतरी क्लिक केलंस, आणि तो जागच्या जागी भिंगरीसारखा फिरून तेवढ्याच वेगाने परत निघाला. सडकेवरचा आपला शर्मन टँकही अगदी तसाच फिरला. तुझ्या टँकला तोफ आहे, चिलखत आहे, पण वजन नाही आणि आत ड्रायव्हर नाही. मी अठरा वर्षं फौजेत टी-72 टँकच्या ड्रायव्हर सीटवर बसलोय, त्यामुळे माझी नजर आधी तिथेच गेली.

खेमकरणजवळच्या असल उत्तर गावापाशी आपल्या 4 माउंटन डिव्हिजनने घोड्याच्या नालासारखी मोर्चेबांधणी केली, शेतांत पाणी सोडलं आणि आपले सेंच्युरियन, शर्मन टँक उभ्या उसाच्या आडोशाला लावले. पॅटन 45 टनांच्या आसपासचा. आपला सेंच्युरियन त्याहून जड, 50 टनांच्या वर. मग रुतले पॅटनच का? कारण आपले टँक दबा धरून जागेवर होते आणि पुढे यायचं होतं ते पॅटनना. जो चालतो त्यालाच चिखल धरतो. हे तुझ्या खेळात आलं नाही तर शेतात पाणी सोडायचा हुकूम कुणी का दिला, हेच खेळणाऱ्याला कळणार नाही.

मी स्वतः एकदा रुतलोय. रात्रीचा सराव होता, दुपारी पाऊस होऊन गेलेला. एक ओढा आडवा आला. उतरताना गाडी चांगली ओढत होती, मध्यावर मला वाटलं गिअर बदलावा. क्लच दाबला आणि टँक तिथल्या तिथे उभा. सडकेवर क्लच दाबल्यावर गाडी घरंगळत राहते, चिखलात चिखलच तिला धरून ठेवतो. मी घाईने वळण्याचा डावा दांडा ओढला, वळून निघू म्हणून, तर ट्रॅकच्या, म्हणजे चाकांवरच्या लोखंडी पट्ट्याच्या, कडेला चिखलाचा बांध झाला आणि पोट टेकलं. टी-72 चं पोट जमिनीपासून जेमतेम दीड फूट. मग मागे बांधलेला लाकडी ओंडका आम्ही तिघांनी काढला, गुडघाभर गाळात उभं राहून दोन्ही ट्रॅकना पुढून बांधला, आणि मी पहिल्या गिअरमध्ये हळूहळू निघालो. ओंडका पोटाखाली जातो, टँक त्याच्यावर रेटा घेऊन स्वतःच्या लांबीएवढा पुढे येतो, आणि ओंडका मागून वर यायच्या आत थांबावं लागतं. थांबण्याची ती खूण कमांडर बाहेरून हाताने देतो, कारण ड्रायव्हरला मागचं काही दिसत नाही. त्यात आमचे तीन तास गेले. लढाईत कुणी तीन तास देत नाही.

ऊसतोडीत काका डबल ट्रॉली ओल्या रानातून काढतात ते तू पाहिलंयस. एकदा गिअर टाकला की बदलत नाहीत, बांधापर्यंत सरळ. आमचंही तेच.

आता वळण्याचं. तुझे सगळे टँक एकसारखे वळतात, ते मात्र बदलच. शर्मन जागच्या जागी फिरूच शकत नाही, त्याला पूर्ण वळायला साधारण 19 मीटर व्यासाचं वर्तुळ लागतं. एम-48 पॅटनला मोटारीसारखं स्टिअरिंग, ऑटोमॅटिक गिअर, आणि तो कोरड्या जमिनीवर जागेवर फिरतो. सेंच्युरियनचा प्रत्येक गिअरला वळण्याचा घेर वेगळा, खालच्या गिअरमध्ये लहान, वरच्यात मोठा. म्हणजे चालवायला सगळ्यात सोपा टँक शत्रूकडे होता आणि तोच अडकला. मला वाटतं, तुझ्या खेळाचा जीव इथे आहे.

रिव्हर्सही बघ. टी-72 मागे जातो ताशी 4 किलोमीटरने, पायी माणूस पुढे निघून जाईल. तुझा टँक पुढे जातो तेवढ्याच वेगाने मागे पळतो, त्यामुळे चुकीच्या जागी शिरल्याची किंमतच मोजावी लागत नाही.

तू म्हणशील, इतकं खरं केलं तर खेळणारा कंटाळेल. 'कंपनी ऑफ हीरोज' हा लढाईचा खेळ भराभर चालतो म्हणून तुला आवडतो हे मला माहीत आहे. पण तूच मला 'कॉम्बॅट मिशन' दाखवला होतास. त्या खेळात ओल्या जमिनीवर गाडी रुतते, कधी निघते, कधी कायमची तिथेच राहते. आणि 'मेन ऑफ वॉर'मध्ये ट्रॅक तुटला की क्रू खाली उतरून जोडतो. ते बघताना तू स्वतः श्वास रोखून बसली होतीस. खेळणाऱ्याच्या हातात गिअर देऊ नकोस. तो कमांडर आहे, गिअरचं ड्रायव्हर बघेल. फक्त आपण त्या ड्रायव्हरला कुठे पाठवलं, हे त्याला कळलं पाहिजे. उसात टँक शिरला की ड्रायव्हरला काही दिसत नाही, पण उसाचे शेंडे हलतात आणि ते समोरच्याला दिसतात. एवढं जरी घातलंस तरी फार मोठं काम होईल.

दिवाळीला आलीस की नगरच्या टँक म्युझियममध्ये पुन्हा जाऊ. लहानपणी तू पॅटनपुढे फोटो काढायला उभी राहिली होतीस. या वेळी खाली वाकून त्याचा ट्रॅक आणि पोट बघ. मी शेजारी उभा राहून सांगेन.

तोवर ते पाण्याचं शेत पुन्हा करून बघ. पॅटन आत घाल, मध्यावर वळव, आणि काय होतं ते मला व्हिडिओ कॉलवर दाखव. रात्री नऊनंतर कधीही कर, मी जागा असतो.

तुझे,
बाबा